माका खबर आसा

मुलींचं वसतिगृह, २६ नोव्हेंबर

प्रिय जॉयसी,

तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस हे कळायला मला बरेच दिवस लागले. आधी वाटलं, मडगावच्या हॉस्पिटलात नर्सची ड्युटी, दमून झोपत असशील. मग रूममेटच्या फोनवरून लावला, तर तू पहिल्याच रिंगला उचललास आणि माझा ‘हॅलो’ ऐकून ठेवून दिलास. म्हणून हा कागद. फाडायचा तर फाड, पण निदान पाकीट तरी तुझ्या हातात येईल.

अ‍ॅल्स्टनचं जे झालं त्याचं मला वाईट वाटतं, हे आधी सांगते. आपल्या दोघींना खाडीत पोहायला त्याने शिकवलं. मी नाकातोंडात पाणी जाऊन रडायला लागले की तो मला खांद्यावर बसवून काठाला आणायचा. तुझ्या भावाचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधी येईल का? पण त्या दिवशी मी काही केलेलं नाही. मी फक्त बघत उभी होते. ईडामावशीने तुला फोनवर काय सांगितलं ते मला माहीत नाही. आई आहे ती, लेकाच्या बाजूने सांगणार. म्हणून एकदा माझ्या बाजूनेही ऐक.

मी इथे क्रिमिनॉलॉजी शिकते. वाडीत कुणी विचारलं की बाबा ‘पोलिसांचा कायतरी शिकता’ म्हणून मोकळे होतात. दुसऱ्या वर्षाला प्रबंध लिहावा लागतो आणि माझा विषय आहे पोलिसांपर्यंत न पोचणारे गुन्हे. वर्गातली मुलं शहरातले पाकीटमार आणि ऑनलाइन फसवणूक घेऊन बसली होती. मी मॅडमना म्हटलं, आमच्याकडे चोरी झाली की लोक राखणदाराच्या, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाच्या, पाषाणावर नारळ ठेवतात, त्याला गाऱ्हाणं घालतात, आणि ज्याने केलं तो भिऊन वस्तू परत आणून ठेवतो. मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. म्हणाल्या, “किशोरी, असं एखादं प्रत्यक्ष बघायला मिळालं तर सोडू नकोस.”

आणि दिवाळीच्या सुट्टीत मी देवबागला असतानाच महादूकाकांच्या बोटीचं इंजिन गेलं. ऐन सीझन, पर्यटकांची झुंबड, आणि सकाळी बघतात तर खाडीत बांधलेली बोट जागेवर, मागचं इंजिन नाही. मग वाडी जमली. गाऱ्हाणं बाबांनी घातलं. मानकरी तेच, दुसरं कोण घालणार? बोटींवर काम करणारा एकेक जण पुढे आला, नारळाला हात लावून ‘माका खबर नाय’ म्हणाला आणि बाजूला झाला. हिंदू, ख्रिस्ती सगळे. राखणदार वाडीचा आहे, तो कुणाची जात विचारत नाही, तुमच्या घरूनही त्याला मेणबत्ती जातेच की.

अ‍ॅल्स्टन तर महादूकाकांचीच बोट चालवणारा. तो पुढे आला, हात पुढे केला आणि मागे घेतला. चपला घातल्या आणि सरळ घरी गेला. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, “चोर गावलो.”

दुसऱ्या दिवशी महादूकाकांनी त्याला ‘येव नको’ म्हणून निरोप पाठवला. मग ज्यांच्या पर्यटकांना तो पाण्याखाली न्यायचा त्या डायव्हिंगवाल्यांनीही पाठवला. यात मी काय करणार होते, तूच सांग. लोकांची तोंडं मी धरायची का?

उत्तर दे. शिव्या दे हव्या तर. पण दे.

तुझी,
किशोरी

वसतिगृह, १२ डिसेंबर

जॉयसी,

तुझं उत्तर आलं नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं.

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं होतं. ‘मी फक्त बघत उभी होते’ हे ते वाक्य. पेटीत पत्र टाकताना मला ते ठाऊक होतं आणि तरी टाकलं. तेव्हापासून जेवताना, झोपताना तेच वाक्य समोर येतं.

वाडीत नारळ ठेवायचं कुणाच्याही मनात नव्हतं. आपण शाळेत असताना कुणाचीतरी जाळी गेली होती तेव्हा ठेवला होता, त्यानंतर नाही. महादूकाका मालवणला पोलिसांत जायला निघाले होते, शर्ट इस्त्री करून घातला होता त्यांनी. बाबासुद्धा म्हणाले, “आता कोण घालता गाऱ्हाणी? पोलिसांक सांगा, बंदरार कॅमेरे आसत.” मीच महादूकाकांना अंगणात अडवलं. म्हटलं, काका, पोलीस फेऱ्या मारायला लावतील, सीझन हातचा जाईल. नारळ ठेवा, चार दिवसांत इंजिन दारात येईल. हे मी त्यांना अशा आवाजात सांगितलं की जणू विद्यापीठाने सिद्ध करून माझ्या हातात दिलंय. काकांना माझं कौतुक. बोटीला माझ्या बारावीच्या निकालादिवशी पताका लावलेला माणूस तो. त्यांनी ऐकलं.

मग बाबांना तयार केलं. त्यांना तयार करणं सोपं. “बाबा, तुमच्यासारखं गाऱ्हाणं पंचक्रोशीत कोण घालतं?” एवढं म्हटलं आणि बाबांनी घसा खाकरला.

काका म्हणत होते, थोडे दिवस जाऊ देत, सुट्टीची गर्दी ओसरू दे. पण माझं रविवारचं तिकीट होतं. मी म्हटलं, शनिवारीच करा. मला बघायचं होतं गं. माझ्याकडे प्रबंध होता, त्यात गुन्हा नव्हता, आणि गुन्हा मिळाला तेव्हा त्याचा निकालही मला गाडी सुटायच्या आत हवा होता.

अजून एक सांगते, मग झोपते. इथे आल्यावर मी ते सगळं वर्गात वाचून दाखवलं. अ‍ॅल्स्टनचं नाव घेतलं नाही, ‘एक तरुण’ म्हटलं. तो हात मागे घेतो त्या ठिकाणी मी मुद्दाम थांबले, नाटकात थांबतात तशी. वर्ग अगदी शांत झाला होता. संपल्यावर टाळ्या पडल्या, जॉयसी. मी हसून खाली बसले.

किशोरी

देवबाग, २७ डिसेंबर

जॉयसी,

इकडे यायला निघताना तुझं कार्ड हातात पडलं. ‘मला तुझी माफी नको. माझ्या भावाचं नाव परत आणून दे.’ एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. ते मी बॅगेत कपड्यांच्या तळाशी ठेवलं, तरी गाडीत सारखं उघडून बघत होते.

नाताळला तू आली नाहीस. आणखी कोण आलं नाही ते तुला कळायला हवं. ईडामावशीने नेहमीसारख्या पडवीत खुर्च्या मांडल्या होत्या, तारा टांगला होता. दरवर्षी महादूकाकांचं सगळं घर, आमचं सगळं घर, बोटींवरची पोरं, सगळे त्या दिवशी तुमच्याकडे असतात, बसायला जागा नसते. या वर्षी दुपारपर्यंत खुर्च्या तशाच. मी कुंपणाआडून बघत होते. जावं असं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता. संध्याकाळी मावशीने एकेक खुर्ची आत नेली.

त्याच्या आधी ती आमच्याकडे नाताळच्या फराळाचं ताट घेऊन आली होती. नेवऱ्या, दोदोल, वर विणलेला रुमाल, सगळं दरवर्षीसारखं. “ताट चुकवूचा नाय म्हणान इलंय,” म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. रिकामं ताट परत द्यायचं नाही म्हणून आईने त्यात साखर घातली, तर तिच्या हातून निम्मी साखर ओट्यावर सांडली. आईच्या हातून कधी काही सांडत नाही. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

काल सकाळी अ‍ॅल्स्टन दिसला. तुमच्या जुन्या होडीच्या बुडाला चिकटलेली कालवं खरवडत होता. सीझनमध्ये माणसं कामाला मिळत नाहीत म्हणून सगळे ओरडतात, आणि हा पोरगा दिवसाढवळ्या काठावर बसून न लागणारी होडी साफ करतोय. मी जवळ गेले. इतके दिवस जे विचारायला हवं होतं ते विचारलं.

“अ‍ॅल्स्टन, नारळाक हात कित्याक नाय लावलंस? तुका धर्माचा काय वाटला?”

“धर्माचा कसला?” तो म्हणाला. “ल्हानपणापासून मेणबत्ती लावतंय थंय.”

“मगे?”

“तुझ्या बापाशीन काय म्हटल्यान ता आठव. तू तर सगळा लिवन घेय होतंस.”

मला ते आठवायला लागत नाही, मला ते पाठ आहे. बाबा म्हणाले होते: बा राखणदारा, महादूच्या होडयेचा इंजिन जेणां नेल्यान, आणि जेका तेची खबर आसा, तो जर तुझ्या नारळाक हात लावीत, तर तेचा तू काय ता बघून घे रे म्हाराजा. आणि सगळे म्हणाले होते, व्हय म्हाराजा.

अ‍ॅल्स्टन खरवडत राहिला. मग म्हणाला, “मी नेवक नाय. पण माका खबर आसा. राखणदारासमोर खोटा कसा सांगू?”

“कोणी नेल्यान?”

“ता तुका सांगलंय तर माझी खबर ती तुझी जातली. मगे तू काय करतलंस?”

मी तशीच मागे फिरले. कारण हा पुढचा भाग बाबा सोडून अजून कुणालाच माहीत नाही. ‘जेका तेची खबर आसा’ हे शब्द आपल्या गाऱ्हाण्यात कधी नव्हतेच. ते मी घातले. गुन्हा करणाऱ्याइतकाच तो लपवणाराही दोषी, असं त्या महिन्यात वर्गात शिकले होते, ते नवंनवं डोक्यात होतं. चहा पिता पिता बाबांना म्हटलं, नुसत्या चोराचं कशाला, माहीत असून गप्प बसणाऱ्याचंही घाला. बाबा खूश. “शिकलंस खरा,” म्हणाले.

म्हणजे बघ. मी ते शब्द घातले नसते तर ‘माका खबर नाय’ नाही, नुसतं ‘मी नेवक नाय’ म्हणायचं होतं; अ‍ॅल्स्टनने नारळाला हात लावला असता आणि खरंच बोलला असता. आणि ज्याने इंजिन नेलं तो त्याच रांगेत होता, त्याने हात लावला आणि बाजूला झाला. सगळ्या वाडीत ते गाऱ्हाणं खरं मानणारा एकच माणूस निघाला, आणि आम्ही त्यालाच चोर ठरवलं.

दुपारी जेवताना मी सरळ म्हणाले, “अ‍ॅल्स्टनाक खबर आसा इंजिन कोणी नेल्यान ती.” सुदेशदादाचा हात ताटातच थांबला. बाबांनी मीठ मागितलं. आणि आईने तळलेल्या माशाची आणखी एक तुकडी दादाच्या ताटात वाढली.

माझ्या सख्ख्या भावाने घास गिळला नाही, माझ्या आईने त्याच्याकडे न बघता त्याला वाढलं. त्या घरात क्रिमिनॉलॉजी शिकणारी मी एकटी, आणि न कळलेलीही मी एकटीच.

पुढचं आज लिहवत नाही.

किशोरी

वसतिगृह, १४ जानेवारी

जॉयसी,

दादानेच केलं. आता हे लिहून टाकलं.

मी त्याला त्याच दिवशी पडवीत गाठलं. त्याने नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. भाऊबीजेच्या दिवशी जेटीवर दादाच्या बोटीचा नंबर होता. मोठं कुटुंब आलं होतं, डॉल्फिन बघायला निघालेलं. महादूकाकांनी नंबर तोडून त्यांना आपल्या बोटीत घेतलं आणि सगळ्यांदेखत दादाला म्हणाले, “तू बस हय गरी टाकून.” सगळे हसले. तुला दादा माहीत आहे, त्याला रागावलेलं चालतं, हसलेलं चालत नाही. त्याने काकांच्या इंजिनाचे बोल्ट सोडले आणि ते खारफुटीच्या बाजूला खोल पाण्यात ढकलून दिलं. विकायला नाही, लपवायला नाही. एक दिवस म्हाताऱ्याची बोट बंद पडावी म्हणून.

अ‍ॅल्स्टन पहाटे बोट धुवायला येतो, त्याने बघितलं. तो दादाला म्हणाला होता, “चार दिस गप रव. गर्दी कमी झाली की मी बुडी मारून काढतंय आणि धुवन, पुसून लावतंय. महादूकाकाक काय सांगूचा ता माझ्यार सोड.” चार दिवस. काकाही तेवढेच थांबायला तयार होते. मी शनिवार धरून बसले नसते तर इंजिन वर आलं असतं, काकांनी चार शिव्या घातल्या असत्या आणि संपलं असतं. नारळ आधी आला. त्यानंतर अ‍ॅल्स्टन पाण्यात उतरला असता तर लोक म्हणाले असते, बघा, स्वतः लपवलेलं बरोबर जाऊन काढलं. त्याने इंजिन काढलं तरी चोर, न काढलं तरी चोर.

मी दादाला विचारलं, नारळाला हात लावताना काही वाटलं नाही? तो म्हणाला, “लावताना नाय वाटला, गो. मागसून वाटला.” आणि रडायला लागला. मला त्याची कीव आली, आणि त्याचाच भयंकर राग आला, दोन्ही एकाच वेळी.

मी म्हटलं, वाडीला सांग. आई मध्ये पडली. धामापूरला त्याचं लग्न ठरलंय, येत्या वैशाखात करायचं घाटतंय, आता हे बाहेर आलं तर कोण मुलगी देईल? बाबा हे सगळं ऐकत होते. नारळ त्यांनी ठेवला होता, गाऱ्हाणं त्यांच्या तोंडचं. शेवटी म्हणाले, “घरातला घरात रवांदे.”

आणि मी काय केलं, विचार. बॅग भरली, रिक्षा सांगितली, कुडाळला येऊन गाडी धरली. तुमच्या दारावरून गेले तेव्हा रिक्षात खाली वाकून बसले होते. लाज म्हणजे नुसतं मनात काहीतरी वाटणं असतं असं मी समजत होते. आता कळतं, ती पाठीला वाक आणते.

इथे येऊन मॅडमना सगळं सांगितलं, नावं सोडून. मला वाटलं होतं त्या रागावतील, आणि मला ते हवं होतं. पण त्या अगदी मायेने म्हणाल्या, “हे सगळं लिही. संशोधकाच्या हातून काय घडलं यावर एक स्वतंत्र प्रकरण कर. फार प्रामाणिक काम होईल.” त्या चांगल्या आहेत गं, त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण मी तिथे बसल्या बसल्या ते प्रकरण मनात लिहायला लागले. सुरुवात कशी करायची तेही सुचलं. आणि मग माझीच मला किळस आली. अ‍ॅल्स्टनची बेअब्रू एकदा टाळ्यांच्या कामाला आली, आता माझी लाज मार्कांच्या कामाला येणार.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगून आले की नारळाबद्दलचं एक अक्षरही मी देणार नाही. विषय बदलला तर यंदा प्रबंध होत नाही, वर्ष जातं. जाऊ दे. हे तुला मोठेपणा म्हणून सांगत नाही. तुझ्या कार्डावर जे लिहिलंय ते यातलं काहीच नाही, एवढं मला कळतं.

या महिन्याच्या अखेरीस वाडीची राखण आहे, राखणदाराला वर्षाचा मान द्यायचा दिवस; सगळे जमतील, बोटवालेही. मी येते आहे. सगळ्यांसमोर उभं राहून दादाचं नाव घेणार. घरचे मला आत घेणार नाहीत बहुतेक. घेऊ नयेत.

किशोरी

देवबाग, २ फेब्रुवारी

जॉयसी,

झालं ते सांगते. जसं मी ठरवलं होतं तसं झालं नाही.

आदल्या दिवशी आले आणि आधी अ‍ॅल्स्टनकडे गेले. वाटलं, त्याला बरं वाटेल. उद्या मी सगळ्यांसमोर दादाचं नाव घेणार म्हटल्यावर तो उठून उभाच राहिला. त्याला रागावलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

“नाव घेव नको.”

“पण तेच तर खरां आसा!”

“तुका नारळ व्हयो होतो तुझ्या पुस्तकासाठी. आता तुका भाऊस व्हयो, तुझ्या मनाक बरा वाटूचा म्हणान. कोणाक तरी फुडे केल्याशिवाय तुका काय करूक येयत नाय काय गो?” मग जरा थांबून म्हणाला, “तू काय केलंस ता सांग. निदान ता तरी तुझा तू सांग.”

तेव्हा मला कळलं की इतकी पत्रं लिहून, वर्ष सोडून, गाडीत बसून मी आले होते ती दादाच्या पाठीमागे लपायला. दादाचा गुन्हा सांगितला की माझा आपोआप लहान होणार होता.

राखणीच्या दिवशी दुपारी सगळे पाषाणाजवळ जमले. बायका नेहमीसारख्या मागे, टोपल्या घेऊन. बाबांनी गाऱ्हाणं सुरू करायच्या आधी मी पुढे गेले. कुणीतरी म्हणालं, “बायल माणसां मधी कित्याक?” बाबा माझ्याकडे बघत होते, त्यांना वाटलं मी दादाचं नाव घेणार. त्यांचा चेहरा तसा कधीच बघितला नव्हता.

मी म्हटलं, “महादूकाका, तुमी पोलिसांत जाय होतास. नारळ मी ठेवूक लावलंय. माका लिवक व्हया होता म्हणान. शनवारी करा म्हणान घाय मी केलंय. आणि ‘जेका खबर आसा’ ह्ये शब्द गाऱ्हाण्यात नसतत. ते मी बाबांका घालूक सांगलंय.” आवाज फाटत होता. “अ‍ॅल्स्टनान हात मागे घेतल्यान तो त्या शब्दांसाठी. तेणां नेवक नाय.” पुढे काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण ते आठवलं नाही. तिथेच उभी राहिले.

महादूकाकांना हळूहळू कळत गेलं. ते अ‍ॅल्स्टनकडे वळले. “म्हणजे तुका खबर होती?”

“होती.”

“कोण तो?”

अ‍ॅल्स्टनने मान खाली घातली. दादा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि त्याच्या तोंडावर घाम आला होता. माझ्या तोंडात त्याचं नाव आलं होतं, जॉयसी, आणि मी ते गिळलं. त्या दिवशी मी एवढंच एक काम नीट केलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. “सुदेशान बुडवल्यान. माझ्या झिलान. माका खबर होती.”

आई. हातात टोपली तशीच. उभ्या जन्मात ती त्या जागेवर एक शब्द बोललेली नाही. बोलून झाल्यावर तिने टोपली खाली ठेवली आणि ईडामावशीसमोर जाऊन उभी राहिली. हात जोडले नाहीत, रडली नाही, नुसती उभी राहिली. मावशीने तिच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

दादा कुणी काही म्हणायच्या आत खाडीकडे चालायला लागला, कपड्यांसकट पाण्यात शिरला. बुड्या मारत होता आणि रिकाम्या हाताने वर येत होता, पाणी कुठे ओढतं ते त्याला कळेना. सगळी वाडी काठावर. अ‍ॅल्स्टन बराच वेळ बघत राहिला. मग शर्ट काढून घडी घालून होडीत ठेवला आणि दोर घेऊन उतरला. थोड्या वेळाने दोर हलला. महादूकाका आणि दादा, दोघांनी मिळून ओढला. इंजिन वर आलं ते चिखलाने भरलेलं, कामातून गेलेलं. काकांनी त्याच्यावर गोडं पाणी ओतलं, उगाच, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

मग ते अ‍ॅल्स्टनला म्हणाले, “उद्यापासून ये, बाबा. माझा चुकला.”

“नाय, काका,” तो म्हणाला. “माका गोंयात काम गावलां. डायव्हिंगच्या बोटीर.”

“आता कित्याक जातंस? आता सगळा उजवाडात इला मरे.”

“इला. पण माका तुमचीच तोंडां दिसतत. त्या दिसाची.” रागाने नाही म्हणाला. जेवायला थांब म्हटल्यावर नको म्हणतात तसं म्हणाला.

धामापूरची माणसं काल येऊन गेली. काय ठरलं ते मला सांगितलेलं नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते, कामापुरतं. वाडीतले लोक मात्र भेटतील तिथे ‘बरा केलंस गो, धाडसाचा काम’ म्हणतात, आणि हे सगळ्यात वाईट आहे. त्यांनी मला एखादी शिवी घातली तर मी तिथे उभी राहून ऐकून घेईन. कौतुक ऐकलं की पळून घरी येते. तीच माणसं ‘गावलो’ म्हणणारी, आणि मी ती जमवणारी.

काल ईडामावशीकडे गेले. तिने मला दारातच उभं केलं. तिची माफी मागायला शब्द जुळवून गेले होते, पण तिनेच आधी तोंड उघडलं. “नाव परत इला गो,” म्हणाली. “झील चल्लो.” आणि दार लावून घेतलं, आपटलं नाही.

अ‍ॅल्स्टन मंगळवारी निघतोय. सध्या तुझ्याच खोलीवर राहील म्हणतो. त्याला खोकला आहे, थंड पाण्यात गेल्यापासून, औषध घेत नाही, तू बघ. हे पत्र त्याच्याच हाती द्यावं म्हणून मघाशी पाकीट घेऊन गेले होते. तो बॅगेत कपडे भरत होता. त्याने पाकिटावरचं तुझं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं आणि ते मला परत दिलं.

“पोस्टान धाड,” म्हणाला.

किशोरी